धावणाऱ्याचे घड्याळ

गेल्या दोन-तीन वर्षांत पालकांच्या भेटीच्या दिवशी आम्हांस विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. पूर्वी गणितात मन लागत नाही, अक्षर सुधारत नाही, अशा तक्रारी असत. आता त्या आटोपल्या की पालक किंचित घुटमळतात आणि विचारतात, "सर, मुलगा सकाळी पळायला येतो, त्याला मनगटावरचे कोणते घड्याळ घेऊन द्यावे?" आम्ही शिकवितो मराठी व इतिहास. परंतु पहाटे साडेपाच वाजता मुलांबरोबर मैदानावर उभे राहण्याचे काम बरीच वर्षे आमच्याकडे चालत आले आहे, तेव्हा हा प्रश्न आमच्याकडे यावा यात नवल नाही. प्रत्येकास उभ्या उभ्या उत्तर देणे बरे नव्हे. म्हणून वाचून, पाहून व मुलांच्या हातांवर बांधून जे काही आम्हांस कळले, ते या अंकात मांडीत आहो.

बाजारात गेले असता प्रथम डोळे दिपतात. गार्मिन, पोलर, सुंटो, कोरोस, ॲपल अशी अनेक नावे, आणि किंमत हजार-दोन हजारांपासून पन्नास हजारांच्याही पुढे. ही यंत्रे वेळ तर सांगतातच. शिवाय पावले, अंतर, वेग, चढ, नाडी, झोप, मनावरचा ताण, आणि उद्या धावावे की विश्रांती घ्यावी, हेही सांगतात. आमच्या आजोबांनी लग्नात मिळालेल्या घड्याळाकडून वेळेखेरीज कशाचीच अपेक्षा केली नव्हती, आणि तेही दिवसाकाठी पाच मिनिटे मागे पडे. दुकानदार हे सगळे आकडे सारख्याच गंभीर मुद्रेने वाचून दाखवितो. पालकांनी सावध व्हावयाचे ते येथेच; कारण या आकड्यांची जात एक नाही. त्यांतील काही खरोखर मोजलेले असतात, काही अंदाजाने काढलेले असतात, आणि काही तर अंदाजावर रचलेले अंदाज असतात.

घड्याळ आणि शरीर यांची सांगड तशी जुनीच आहे. सर जॉन फ्लॉयर नावाच्या इंग्रज वैद्याने इ. स. १७०७ मध्ये नाडी मोजण्याच्या घड्याळावर ग्रंथ लिहिला. ते घड्याळ बरोबर एक मिनिट चालून थांबे, म्हणजे वैद्याने तेवढ्या अवधीत ठोके मोजावयाचे. धावण्याच्या शास्त्रात घड्याळाला मान मिळवून दिला तो फिन्लंडच्या पाव्हो नुर्मी याने. हा गृहस्थ स्टॉपवॉच हातात धरून धावे आणि प्रत्येक फेरीस त्याकडे दृष्टी टाकी. १९२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १० जुलै या एकाच दिवशी त्याने १५०० मीटर व ५००० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. प्रतिस्पर्ध्यांपेक्षा त्याचे लक्ष काट्याकडे अधिक असे. गंमत अशी की, पुढे मनगटी यंत्रांच्या धंद्यातही त्याच छोट्या देशाने नाव काढले. सुंटो ही कंपनी १९३६ साली होकायंत्रे करण्यासाठी तेथेच निघाली, आणि नाडीचे ठोके तारेवाचून मनगटावर दाखविणारे पहिले यंत्र पोलर कंपनीने तेथूनच १९८२ साली बाजारात आणले. उपग्रहावरून अंतर सांगणारे गार्मिनचे धावपटूंसाठीचे पहिले घड्याळ त्यानंतर २००३ साली आले. हे सांगण्याचा हेतू इतकाच की, नुर्मीच्या हातातील घड्याळाला वेळेवाचून दुसरे काही ठाऊक नव्हते. अंतर त्याला मैदानाने मोजून दिलेले होते, आणि श्वास त्याचा त्याला ऐकू येत होता.

या विषयाकडे आम्ही केवळ कुतूहलाने पाहत होतो, तोवर गेल्या ऑगस्टमध्ये एक प्रसंग आला आणि कुतूहलाचे रूपांतर जबाबदारीत झाले. नवव्या इयत्तेतील एक मुलगी आमच्या वसतिगृहात राहते. आईवडील बीड जिल्ह्यातील. दरसाल दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात ते उन्हाळ्यातच परत येतात. मुलगी तीन हजार मीटर धावते. आदल्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत ती चौथी आली, आणि पहिल्या तिघींपैकी दोघींच्या मनगटावर उपग्रहाची घड्याळे तिने पाहिली. आपण मागे पडलो ते घड्याळ नसल्यामुळे, अशी तिची ठाम समजूत झाली. वडील भेटीला आले तेव्हा व्हरांड्यात उभे राहून म्हणाले, "गुरुजी, लेकरू काही हट्ट करीत नाही, पण मला दिसतंय. यंदा उचल घेताना मुकादमाला दहा-पंधरा हजार वाढवून मागतो. घड्याळ कोणतं घ्यायचं, तेवढं सांगा."

उचल म्हणजे काय हे ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हंगामापूर्वी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली ही रक्कम पुढे ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडीत भरून फेडावयाची असते. आणि हंगामात फिटली नाही तर पुढच्या हंगामावर जाते. म्हणजे पोरीच्या मनगटावरचा प्रत्येक आकडा तिच्या आईबापांनी कोयत्याने फेडावयाचा. अशा माणसास दुकानदाराच्या पुस्तिकेतील उत्तर देणे आम्हांस शक्य नव्हते. आम्ही त्यांच्याकडे पंधरा दिवसांची मुदत मागितली.

आमचा एक माजी विद्यार्थी आता नोकरीत असून दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींत भाग घेतो. त्याचे चांगल्यापैकी घड्याळ आम्ही त्या पंधरा दिवसांसाठी मागून घेतले. आमच्या मैदानावर फीत लावून आखलेला दोनशे मीटरचा गोल आहे. पंधरा फेऱ्या म्हणजे तीन हजार मीटर, यात शंकेस जागा नाही. परंतु घड्याळाच्या मते ते अंतर एके दिवशी शे-दीडशे मीटर अधिक भरले, तर दुसऱ्या दिवशी जवळजवळ तितकेच कमी! मुलांना मोठी मौज वाटली. "सर, मैदान रात्रीत आकसले!" असे एकाने जाहीरही केले.

यात घड्याळाचा अपराध मुळीच नाही. त्याच्या कामाची रीत पाहिली म्हणजे उलट आश्चर्य वाटते. सुमारे वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह अतिशय अचूक घड्याळे घेऊन फिरत असतात व आपली वेळ सतत खाली कळवीत असतात. तो संदेश पोहोचण्यास किती विलंब लागला यावरून मनगटावरचे यंत्र आपले ठिकाण काढते, आणि त्यासाठी निदान चार उपग्रहांचे संदेश लागतात. प्रकाशाच्या वेगाने येणाऱ्या या संदेशाच्या कालमापनात सेकंदाच्या दहा लक्षांश भागाची चूक झाली, तर ठिकाण तीनशे मीटरनी हुकेल. म्हणजे अंतर मोजतानाही हे यंत्र मुळात वेळच मोजत असते! २ मे २००० पर्यंत तर अमेरिकन सरकार नागरिकांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळीत असे. ती काढून टाकली तेव्हाच असली घड्याळे उपयोगाची झाली. आता मोकळ्या जागी चूक सहसा थोड्या मीटरांचीच राहते. महाग घड्याळे दोन निरनिराळ्या लहरींवर संदेश घेतात. त्यामुळे इमारतींच्या दाटीत व झाडांखाली त्यांची फसगत कमी होते. परंतु लहान गोलात धावणारा क्षणोक्षणी वळत असतो. कडेला वडाची व चिंचेची झाडे आहेत, एका बाजूस तीन मजली इमारत आहे, आणि दोनशे मीटरच्या फेरीत पाच-सात मीटरची चूक ही लहान चूक नव्हे. चारशे मीटरच्या प्रमाणित मैदानासाठी काही घड्याळांत निराळी सोय केलेली असते. चुन्याने आखलेल्या आमच्या शाळेच्या गोलाला ती लागू पडत नाही.

जाता जाता शहरातील धावपटूंच्या एका तक्रारीचा उलगडा करतो. "मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, पण माझ्या घड्याळात जास्त भरली, आयोजकांनी मोजण्यात घोटाळा केला," असे ते म्हणतात. प्रमाणित शर्यतीचा मार्ग सायकलच्या चाकाला मोजयंत्र जोडून, वळणांवर सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात. शिवाय मार्ग कमी भरू नये म्हणून हजारात एक या प्रमाणात अंतर वाढवितात. धावणारा गर्दीतून नागमोडी जातो, आणि घड्याळाची आपली चूक निराळी. तेव्हा तेथे सायकलीवर विश्वास ठेवावा.

आता नाडीविषयी. मनगटी घड्याळाच्या पाठीमागे हिरवा प्रकाश लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्यास त्वचेखालील रक्त कमी-अधिक झाले की परत येणारा प्रकाशही बदलतो, आणि त्या बदलावरून ठोके मोजले जातात. बसल्या जागी वा सावकाश धावताना हे ठीक चालते. पण पट्टा सैल असला, हात गार पडला, किंवा धावणे एकाएकी वेगाचे झाले की गोंधळ होतो. कधी कधी तर यंत्र पावलांच्या हिसक्यांनाच ठोके समजते व मिनिटाला पावलांचा जो आकडा असेल तोच नाडीचा म्हणून दाखविते. छातीवर बांधावयाचा पट्टा मात्र हृदयातील विजेचे स्पंदनच टिपतो. त्याचा आकडा पुष्कळच भरवशाचा. ज्या प्रौढ पालकांस वैद्यांनी नाडी अमुक मर्यादेत ठेवण्यास सांगितले असेल, त्यांनी कोणते यंत्र घ्यावे हे वैद्यांसच विचारावे व घेतल्यास असा पट्टा घ्यावा, असे आमचे मत आहे.

नाडी कळली तरी तिचा अर्थ काय लावावयाचा? बहुतेक यंत्रे वय घेऊन २२० मधून वजा करतात आणि ती तुमची कमाल नाडी म्हणून ठरवितात. हे सूत्र १९७१ च्या सुमारास रूढ झाले. त्यामागे काटेकोर प्रयोग नव्हता, उपलब्ध आकड्यांवरून ओढलेली ती एक ढोबळ रेघ होती. २००१ साली वयाच्या सात दशांश २०८ मधून वजा करावे, असे दुसरे सूत्र आले. तेही सरासरीचेच, एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-वीस ठोक्यांचे अंतर सहज असू शकते. वाढत्या वयाच्या मुलांना तर ही वजाबाकी नीटशी लागूच पडत नाही. आम्ही मुलांस शिकवितो ते असे: धावता धावता एक सबंध वाक्य बोलता आले तर वेग सौम्य, दोन-तीनच शब्द निघाले तर कठीण, आणि शब्दच निघेनासा झाला तर शर्यतीचा. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग या मानसशास्त्रज्ञाने श्रमाची जाणीव सहापासून वीसपर्यंतच्या आकड्यांत सांगण्याची जी पद्धत घालून दिली, तिला आजही वैद्यकात मान आहे. तिच्यासाठी कसलेही यंत्र लागत नाही.

यापुढचे आकडे मात्र आम्हांस खरोखर चिंतेचे वाटतात, आणि विशेषतः मुलींच्या मातांनी हे लक्ष देऊन वाचावे. किती उष्मांक जळले, असा एक आकडा ही घड्याळे देतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली सात मनगटी यंत्रांची परीक्षा झाली. त्यांपैकी सहांनी नाडी बऱ्यापैकी बरोबर सांगितली. पण उष्मांकाच्या बाबतीत सर्वांत चांगल्या यंत्राचीही सरासरी चूक शेकडा २७ होती, आणि सर्वांत वाईटाची शेकडा ९३! अशा आकड्याकडे पाहून कोणी मुलगी रात्रीची भाकरी अर्धी करू लागली, तर तिच्या हाडांचे व वाढीचे काय होईल याचा विचार करावा. धावणाऱ्या मुलीस अधिक अन्न लागते, कमी नव्हे. दम टिकविण्याच्या शक्तीचा जो आकडा दाखवितात, तो वेग आणि नाडी यांवरून काढलेला असतो. या दोहोंपैकी एक जरी चुकले तरी तो चुकणार. दिवसाला दहा हजार पावलांचा जो मंत्र सर्वत्र ऐकू येतो, तोदेखील १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावलेमोजणी यंत्राच्या नावावरून रूढ झाला.

मुदत संपली व वडील परत आले, तेव्हा आम्ही त्यांना सांगितले की उचल वाढविण्याचे कारण नाही. तुमच्या मुलीस जो प्रश्न सोडवावयाचा आहे तो असा: पंधरा फेऱ्या सारख्या वेगाने कशा धावाव्या? त्यासाठी उपग्रह नको, फेऱ्यांच्या वेळा लक्षात ठेवणारे साधे स्टॉपवॉच पुरे. ते शाळा घेईल. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बूट तरी मी घेतो." बूट त्यांनीच घेतले.

स्टॉपवॉच घेताना आम्ही तीन गोष्टी पाहिल्या. निदान तीस फेऱ्यांच्या वेळा साठविता याव्या, पावसात बिघडू नये, आणि आकडे धावता धावता दिसण्याइतके मोठे असावे. कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू नावाचे घड्याळ १९८९ पासून जगभर खपते. ते एकवीस ग्रॅम वजनाचे आहे व वर्षानुवर्षे चालते. घरच्या सरावाला ते उत्तम. मात्र त्यात फेऱ्यांची नोंद राहत नाही, म्हणून शाळेसाठी आम्ही दुसरे घेतले.

पहिल्याच दिवशी जे दिसले ते आम्ही फळ्यावर लिहून ठेवले. पहिली फेरी ४२ सेकंद, दहावी ५५. मुलीने फळ्याकडे बराच वेळ पाहिले. तिने बारा मिनिटे तीस सेकंदांत शर्यत संपवावयाची तर प्रत्येक फेरी ५० सेकंदांची हवी, हा त्रैराशिकाचा हिशेब तिनेच केला. पहिली फेरी ५० मध्ये धावणे म्हणजे मुद्दाम इतरांच्या मागे राहणे. हे तिच्या मनाला इतके जड गेले की पहिला महिना भांडणातच गेला. हळूहळू घड्याळ न पाहता फेरीची वेळ आधी सांगावयाची व मग पाहावयाचे, असा खेळ आम्ही सुरू केला. दिवाळीपर्यंत तिचा अंदाज एका सेकंदाच्या आत येऊ लागला. त्या मुलीला बसविलेल्या या घड्याळाची किंमत आम्हांस करता येणार नाही.

यंदा जिल्ह्यात ती तिसरी आली. पुढच्या दोघींपैकी एकीच्या हातात घड्याळ होते, दुसरीच्या नव्हते, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, आणि मुलगी अजूनही मधूनमधून म्हणते, "पण सर, ते असते तर?" तिला आम्ही अविनाश साबळे याची गोष्ट सांगतो. तोही बीड जिल्ह्यातलाच, आष्टी तालुक्यातील मांडव्याचा. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविले. सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले. एवढे सूक्ष्म अंतर ठरविण्यास अंतिम रेषेवरचा कॅमेराच लागतो. मनगटावरचे कोणतेही यंत्र तेथे कामाचे नाही.

मग उपग्रहाची घड्याळे कोणीच घेऊ नयेत काय? असे आम्ही म्हणत नाही. जे मोठे होऊन रस्त्यांवरून व डोंगरांतून, मोजमाप नसलेल्या वाटांनी तास-दोन तास धावतात, त्यांना अंतर कळण्यास दुसरा सोयीस्कर उपाय नाही. आमच्या त्या माजी विद्यार्थ्यास ते घड्याळ शोभते, कारण ते त्याने स्वतःच्या पगारातून घेतले आहे आणि त्यातील निम्म्याहून अधिक आकडे त्याने बंद करून ठेवले आहेत. ज्या घरी असे घड्याळ आधीच आले असेल त्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. धावण्याचा मार्ग अनेकदा ॲपवर चढतो व इतरांस दिसतो. स्ट्राव्हा या ॲपने २०१७ च्या अखेरीस जगभरच्या धावण्याच्या वाटांचा नकाशा प्रसिद्ध केला. पुढच्या जानेवारीत लोकांच्या ध्यानी आले की त्यावरून सैन्याचे दूरदूरचे तळसुद्धा ओळखू येतात. सैनिकांची ही स्थिती, तर पहाटे एकाच वेळी एकाच रस्त्याने जाणाऱ्या शाळकरी मुलीचे घर ओळखण्यास कितीसा वेळ लागणार? मार्ग केवळ स्वतःस दिसेल अशी सोय ॲपमध्ये असते. ती पालकांनी स्वतः, मुलाजवळ बसून, सुरू करावी.

शर्यतीत घड्याळ घालण्यास साधारणपणे मनाई नाही. ज्या यंत्रावरून दुसऱ्याशी बोलता येते वा निरोप घेता येतो, ते मात्र चालत नाही. म्हणून स्पर्धेपूर्वी पंचांस विचारून घ्यावे. शाळेची सहा स्टॉपवॉचे क्रीडासाहित्याच्या खोलीत डावीकडच्या कपाटात आहेत, आणि किल्ली वसतिगृहाच्या प्रमुखांकडे असते. रविवार सोडून रोज पहाटे साडेपाचला मैदानावर मुले जमतात. पावसाळ्यात सभागृहाच्या व्हरांड्यात. ज्या पालकांस घड्याळ घेण्यापूर्वी हाताळून पाहावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे. येताना पायात चपला नसाव्यात, बूट असावेत. मुले त्यांना एक फेरी धावावयास लावल्यावाचून सोडीत नाहीत.